थंड लागलं की सांगा

तिने तिसरी बादली टबात ओतली, पाणी निळ्या खुणेपर्यंत आलं का ते वाकून पाहिलं आणि वडिलांना आत उभं राहायला सांगितलं. त्यांनी एका हाताने कपाटाचा कोपरा धरला, बुटासकट उजवा पाय पाण्यात टाकला, मग डावा. पाणी घोट्याच्या वर दोन बोटं चढलं आणि थांबलं.

"थंड लागलं की सांगा," ती म्हणाली. "उगाच सोसत उभे राहू नका."

"सोसायचंय काय त्यात? गेला महिनाभर मी याहून जास्त पाण्यातून येतोय."

दुकानाच्या या मागच्या खोलीत बुटांची खोकी छताला टेकली होती आणि एकुलत्या एका खिडकीवर सकाळपासून पाऊस आपटत होता. दुपारचे तीन वाजले होते, तरी दिवा लावावा लागला होता. मालक स्टुलावर बसून घड्याळ बघत होता. तरुणपणी तो मोटारसायकलच्या शर्यतींत उतरायचा. गुडघा कामातून गेला तेव्हा त्याने हेल्मेट, जाकिटं आणि बूट विकायला घेतले. तिला तो मास्तरीणबाई म्हणे, कारण तिच्या हातून बूट घेणाऱ्या कुणाचीही धडा ऐकल्याशिवाय सुटका नसे. पँट बुटाच्या वरून सोडा. आत खोचलीत तर पाणी पायावरून ओघळून बुटात साठेल आणि शिव्या बुटाला बसतील. चिखल बुटावर वाळू देऊ नका. शिवणींना मेण लावा. ओला बूट शेगडीजवळ ठेवलात तर तळवा सुटलाच म्हणून समजा. आत वर्तमानपत्र कोंबा आणि धीर धरा. गिऱ्हाइकं हसत हसत ऐकत आणि घरी जाऊन बूट शेगडीजवळच ठेवत.

या वेळी मात्र चूक गिऱ्हाइकांची नव्हती. एका खेपेतल्या बुटांच्या शिवणीवरची आतली पट्टी नीट चिकटलेली नाही, असं कंपनीचं पत्र आलं होतं. विकलेला प्रत्येक जोड तपासा, गळत असेल तर बदलून द्या. कसा तपासायचा ते पत्रात नव्हतं. रिकामा बूट पाण्यात बुडवून काही कळत नाही, अंगावर वजन पडलं की मगच शिवण तोंड उघडते, असं मालकाचं म्हणणं होतं. म्हणून त्याने स्वतःची पद्धत काढली. माणसाने बूट घालून टबात दहा मिनिटं उभं राहायचं आणि गार लागलं की सांगायचं. त्या खेपेचे सात जोड आतापर्यंत परत आले होते आणि सातही गळले होते. एक शाळामास्तर तर दुसऱ्याच मिनिटाला टबातून बाहेर उडी मारून फरशीभर पाणी करून गेला होता.

आठवा जोड तिच्या वडिलांचा होता, आणि त्यांना इथवर आणायला तिला आठ दिवस लागले होते. माझे उत्तम आहेत, थेंब आत येत नाही, चांगल्या बुटांना कशाला नावं ठेवायची, हे त्यांचं पालुपद. शेवटी आज तिने त्यांना प्रयोगशाळेच्या दारातूनच उचलून आणलं.

वडील घाटावरच्या तीन दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या थंड पेटीत घालून खालच्या प्रयोगशाळेत आणत. दरड आली की चारचाकी अडकून पडते, मोटारसायकल कुठूनतरी वाट काढते. बावीस वर्षांत त्यांची एकही पेटी उशिरा पोचली नव्हती आणि ही गोष्ट ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. दुसऱ्यांची साखर इतक्या वेळेवर पोचवणाऱ्या या माणसाला स्वतःची तपासायला मात्र धरून न्यावं लागे. अकरा वर्षं मधुमेह होता. उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना आणि तिला समोर बसवून आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की पाय कोरडे राहिले तर गाडी चालवा. एकदा पायाला जखम झाली आणि ती ओली राहिली, तर आधी गाडी जाईल आणि मग बोटं.

म्हणून हे बूट तिने निवडले होते. वडिलांना मुद्दाम संध्याकाळी दुकानात बोलावलं होतं, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात म्हणून. जाड मोजे घालायला लावले, पुढे अंगठ्याएवढी जागा राहते का ते दाबून पाहिलं, दहा वेळा चालवलं, वाकवलं, डाव्या बुटाला गिअरच्या जागी जाड थर आहे याची खात्री केली. सगळं जमल्यावर घालून बघायला ठेवलेला तो दर्शनी जोड कपाटात परत ठेवला आणि त्याच मापाचा कोरा जोड काढून घरी पाठवला. कसे बसले, असं तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा पायात बूट आहेत हे कळतसुद्धा नाही, असं ते म्हणाले होते. ते वाक्य तिने पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं.

"चार मिनिटं," मालक म्हणाला.

तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मालकाला घाटातल्या तिसऱ्या वळणाविषयी सांगत होते, तिथे रस्त्यावरून पाणी कसं आडवं वाहतं आणि गाड्या कशा गटांगळ्या खातात ते. मालकही रंगात आला. दोघांनी मिळून आजकालच्या पोरांना ब्रेक कसा मारता येत नाही यावर तोंडसुख घेतलं. सहाव्या मिनिटाला तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं. आठव्याला ती उगाचच खोकी सरळ करू लागली. सात जोड एकाच खेपेतले, सातही फुटके, आणि नेमका वडिलांचा धड निघावा, एवढं नशीब त्यांच्या घराला कधी लाभलं नव्हतं. तिला खूप आनंद झाला आणि तो दिसू नये म्हणून ती पाठमोरी उभी राहिली.

"दहा झाली. वा!" मालकाने घड्याळ बंद केलं. "मास्तरीणबाई, लिहा."

तिने कार्डावर जोडाचा क्रमांक घातला आणि पुढे लिहिलं: एकही थेंब नाही. वडील टबातून बाहेर आले आणि तसेच दाराकडे निघाले. वरच्या दवाखान्यात पुढची पेटी तयार असेल, जाऊ दे मला, म्हणू लागले. पण बूट पुसून, सुकवून परत द्यायचे असा तिचाच नियम होता. तिने त्यांना बाकावर बसवलं, समोर उकिडवी बसली, डावा पाय मांडीवर घेतला आणि झिप खाली ओढली.

पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. नळाचं, या दिवसांतलं, हाडात शिरणारं पाणी. बूट निम्म्याहून जास्त भरला होता.

मालकाने घड्याळ खिशात टाकलं, बाहेर गिऱ्हाईक आलंय वाटतं, असं पुटपुटत उठला आणि जाताना दार ओढून घेतलं. बाहेर कुणी आलेलं नव्हतं.

"झिपेतून गेलं असेल," वडील म्हणाले. "पाय वर घेताना."

"झिप पाण्याच्या वर होती, बाबा."

तिने मोजा काढून पिळला. हे मोजे महिनाभर रोज ओले निघत होते. घाम, असं वडील म्हणत, आणि वॉटरप्रूफ बुटात घाम कोंडतो हे तिनेच त्यांना शिकवलेलं असल्यामुळे ती मान डोलवत राहिली होती. तिने बूट उपडा केला. पाणी निघालं, पण काहीतरी आत अडल्यासारखा त्याचा ओघ तुटला. तिने हात घातला, पार टोकापर्यंत, आणि बोटांना लगदा लागला.

तो पातळ पांढरा कागद होता, त्यावर कंपनीचं निळं चिन्ह. नवा बूट चेपू नये म्हणून कारखान्यात पुढच्या टोकात भरतात तो. दर्शनी जोडात तो नसतो. कोऱ्या जोडातून विकणाऱ्याने काढायचा असतो. त्या संध्याकाळी तिने उजव्यातला काढला होता हे तिला स्पष्ट आठवत होतं. मग कुणीतरी हेल्मेट दाखवा म्हणालं होतं. डाव्यातला राहिला. वडील रोज घरी येऊन बुटात वर्तमानपत्र कोंबत, सकाळी तेवढंच काढत आणि आणखी पुढे हात घालायचं त्यांना कारणच नव्हतं. लगदा दगडासारखा घट्ट झाला होता आणि त्याच्या एका बाजूला पाच बोटांचे खळगे उमटले होते. मधला खळगा तपकिरी होता.

तिने पाय उजेडाकडे वळवला. मधल्या बोटाच्या टोकाची कातडी गेली होती. आजची नव्हे, बऱ्याच दिवसांची. कडा पांढऱ्या पडून सुरकुतल्या होत्या. वडील वाकून पाहू लागले. शेजाऱ्याच्या घरातली पडझड बघावी तसे ते बघत होते, हळहळत पण जरा लांबून.

"हे केव्हा झालं?" त्यांनीच विचारलं.

महिनाभर हा माणूस कागदाच्या गोळ्यावर बोटं दुमडून घाट चढला, उतरला आणि घरी येऊन बुटांची तारीफ करत राहिला. नव्या बुटात गिअर पडला की नाही ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो, असं ते म्हणाले होते. तेव्हा तिला त्यांच्या कानांचं कौतुक वाटलं होतं. आता तिला रागही आला आणि रडूही, आणि दोन्ही स्वतःवरच.

"चूक तुझी आहे हां, मास्तरीण," वडील हसून म्हणाले. "जगाला शिकवतेस आणि बापाच्या बुटात कचरा ठेवतेस."

ती हसली नाही, तेव्हा त्यांचंही हसू ओसरलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. नवा जोड दे, म्हणाले, नीट बघून दे, बोटाला मलम लावतो, आठ दिवसांत कातडी येईल. आईच्या कानावर घालायची गरज नाही. डॉक्टरांच्या तर नाहीच. तो माणूस घाबरट आहे, उद्याच प्रयोगशाळेला फोन करेल. मग मी काय करू? निवृत्तीपर्यंत दोन वर्षं खिडकीत बसून नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवू?

"बाबा, टबात काय वाटत होतं?"

"काय वाटायचंय? काही नाही."

"थंड?"

"अगं, बूट आत कोरडा असता तरी असंच वाटलं असतं ना," ते म्हणाले आणि मग आपणच बोललेलं आपल्याला ऐकू आल्यासारखे थांबले.

खिडकीवरचा पाऊस जोरात आला आणि कमी झाला. तिने टॉवेल घेऊन डावा पाय टिपला, जखमेपाशी नुसता टेकवला. मग उजवा बूट काढला. त्यातूनही पाणी आलं, पण पायाला कुठे काही लागलेलं नव्हतं. तोही तिने पुसला, बोटांच्या मधून, सावकाश. लहानपणी शाळेतून भिजून आली की ते तिचे पाय असेच पुसायचे, आणि ती ओरडून घर डोक्यावर घ्यायची.

"हे बघ," वडील म्हणाले. "भांडण नको. डॉक्टर करतो ना, डोळे मिटायला लावून, तसं कर. उजव्याला कर, तो चांगला आहे. मी डोळे मिटतो, तू बोट लाव. लागलं तर मी सांगतो, आणि मग तू तोंडातून चकार शब्द काढायचा नाहीस. नाही लागलं तर..."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. थोडा वेळ ती मुठीतच राहिली. मग त्यांनी ती बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवली.

"नाही लागलं तर ही तुझी. तूच सांग मग सगळ्यांना. मला सांगायला लावू नकोस."

"बाबा, नको."

"कर गं. खोटं नाही बोलणार. तुझ्याशी कधी बोललोय?"

कधीच नव्हते बोलले, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. गालावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ होता. हनुवटी किंचित वर उचललेली होती, वर्गात प्रश्नाची वाट बघणाऱ्या हुशार विद्यार्थ्यासारखी.

तिने त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. मग थोडं दाबलं. मग तिने पाय दोन्ही हातांत धरला, चवड्याखाली बोटं रुतवली आणि आपली नखं पांढरी पडेपर्यंत, खांदा दुखेपर्यंत दाबलं. वडिलांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. ते मन लावून वाट बघत होते.

"कर ना सुरू," ते म्हणाले. "मी केव्हाचा तयार आहे."