कोरलेल्या पावलाची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मधोमध तडकून कुंपणाला टेकून उभी आहे, तेव्हा मित्रांनो, बोलणं थोडं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

माझं कामाचं आयुष्य सुरू झालं जोडेवाल्याच्या शेडमध्ये. स्वतःच्याच अंगणात त्याने ती बांधली होती. गिऱ्हाईक माझ्यावर अनवाणी उभं राही आणि नेहमीच्यांची मापं तो सुरीच्या टोकाने माझ्यावर कोरून ठेवी. शेजारच्या मास्तरीणबाईंचं पाऊलही त्यात होतं. "बाई, तुमचा अंगठा फार हट्टी हं," तो म्हणे, आणि त्या खळखळून हसत.

मास्तरांना मात्र दिवसभराची ठोकाठोक खपत नसे. जोडेवाल्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. थेट नगरपालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला, की कुंपणालगत नियमाने मोकळी सोडायची पट्टी अडवली आहे. तिथले साहेब आले. शेड उतरवेपर्यंत रोज दंड!

"जागा माझी, घाम माझा. कुणाचं काय बिघडलं?" जोडेवाल्याने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले.

आवाजाचा त्रास खरा होता, मी नाकारत नाही. पण दंडाच्या कागदावर आवाजाचं नावही नव्हतं. "सांगितलं असतं तर दुपारी हातोडा बंद ठेवला असता," एवढंच जोडेवाला बोलला. शेड मोडली, धंदा बसला. मला मास्तरांनाच विकून तो निघून गेला.

पुढे मास्तरीणबाईंचे पाय गेले. सुताराने मला पालथी घालून दाराशी उतार केला. त्यावरून चाकांची खुर्ची उतरवून मास्तर त्यांना रोज फाटकापर्यंत नेत. इतकं चांगलं काम मी कधीच केलं नव्हतं. पण माझं टोक मोकळ्या पट्टीत हातभर शिरलं होतं. उतार आखूड केला तर खुर्ची उलटेल, असं सुतार म्हणाला.

तेच साहेब आले. मास्तरांनी हात जोडले. "अहो, माझ्याच जागेत, माझ्याच बायकोसाठी! कुणाचं काय बिघडलं?"

"मला कळतं हो. पण तुमच्या अर्जानंतरच गल्लीतल्या सगळ्या पट्ट्या मोजल्या आम्ही. आता तुम्हाला कसं सोडू?"

मास्तरांनी स्वतःच मला उपटलं. मी तडकले. उलटी केली तर समोर ते पाऊल, हट्टी अंगठ्यासकट. ते मटकन पायरीवर बसले.

"अहो, फाटकापर्यंत जायचं ना?" आतून हाक आली. मास्तरांनी मला कुंपणाला टेकवून ठेवलं.

मित्रांनो, शेजाऱ्याचं काही खुपलं तर अर्ज लिहिण्याआधी त्याचं दार वाजवा. आणि जमलं तर मला उचलून आत न्या. बाईंचं पाऊल उन्हापावसात पुसत चाललं आहे.