नागोजीच्या कमरेचा उंदीर

धारवाडच्या आमच्या लहानशा संग्रहालयात एका कपाटभर चिनी-जपानी वस्तू होत्या. जगभर हिंडलेल्या कुणा वकिलांनी मरताना दिलेल्या. शालिनीअक्का तिथे क्युरेटर म्हणून आल्या ते साल एकोणऐंशी. त्यांनी सगळ्या वस्तूंची नवी कार्डं लिहायला घेतली. चिनी पेले आणि जपानी पंखे सरळ होते, पण एका हस्तिदंती उंदरापाशी त्या अडल्या. सुपारीएवढा, शेपूट पोटाशी घेऊन बसलेला, आणि पोटाला दोन भोकं. जुन्या कार्डावर लिहिलं होतं, 'कागदावर ठेवायचे वजन'.

"एवढ्याशा उंदरानं कुठला कागद दबणार?" अक्का म्हणाल्या.

शिपाई नागोजी काच पुसत होता. इथं लागण्याआधी तो जुन्या हुबळीत पानतंबाखूच्या चंच्या शिवायचा. तो म्हणाला, "ते कमरंचं आहे, अक्का. भोकातनं दोरी घालायची, दोरीला चंची. उंदीर पट्ट्यावर बसतो, चंची खाली लोंबते."

"अंदाजावर कार्ड लिहिता येत नाही, नागोजी."

नागोजीला हे लागलं. मग एका गुरुवारी, अक्का टपाल बघत असताना, त्यानं सफाईसाठी उघडलेल्या कपाटातून उंदीर काढला, आपल्या चंचीची दोरी त्यातून ओवली आणि पट्ट्याखालून वर घेतली. जिना दोनदा चढला-उतरला. चंची हलली नाही. अक्कांना बोलवावं म्हणून तो निघाला, तेवढ्यात फाटकात जीप थांबली.

हुबळीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले तानाबे नावाचे जपानी इंजिनियर दुपारी संग्रह बघायला यायचे होते. ते सकाळीच आले. अक्का त्यांना थेट कपाटापाशी घेऊन गेल्या. उंदराची जागा रिकामी होती. अक्कांनी मागं वळून पाहिलं. नागोजीनं दोन्ही हातांनी कंबर झाकली होती.

"हात काढ," अक्का हळूच म्हणाल्या.

त्यानं काढले. तानाबे खाली वाकले, चष्मा वर केला आणि मोठ्यानं हसले. मग इंग्रजीत अक्कांना म्हणाले, "आमच्या जुन्या पोशाखाला खिसे नसत. माझे आजोबा तंबाखूची पिशवी अशीच अडकवत. यांना कुणी शिकवलं?"

अक्कांनी विचारलं. नागोजी म्हणाला, "शिकवतंय कोण? खिसा नसला की माणूस आणि काय करणार?"

अक्कांनी ते इंग्रजीत सांगताच तानाबे नागोजीपुढे कमरेत वाकले. नागोजीनं चंची सोडून त्यांना विडा दिला, तंबाखू न घालता. चुना मात्र जरा जास्त पडला. तानाबेंचे कान लाल झाले, पण त्यांनी विडा पूर्ण खाल्ला.

ते गेल्यावर अक्कांनी नागोजीला अर्धा तास झाडलं. हस्तिदंताला चुन्याचा हात लावलास, कपाट उघडं टाकलंस, सगळं. नागोजी प्रत्येकाला कानडीत "हौद्री", म्हणजे होय जी, म्हणत राहिला. मग त्यांनी नवं कार्ड काढलं आणि विचारलं, "दोरी पट्ट्याखालून नेमकी कुठनं घेतलीस? सांग, लिहिते."

पुढच्या महिन्यात कपाटात लाकडी पुतळा उभा राहिला. जपानी पोशाख काही मिळाला नाही, म्हणून त्याला धोतर नेसवलं, कमरेला उंदीर आणि नागोजीनं शिवलेली कोरी चंची. शाळेची मुलं विचारायची, जपानी लोक धोतर नेसतात का?

"कमरेपाशी बघा," नागोजी सांगायचा, "तेवढाच जपानी आहे."