एकट्याला सोडायचं नाही

बंबखान्याच्या फुटबॉल संघाला गोल का करता येत नाही, हे मास्तरांना पुरतं ठाऊक होतं, आणि दुखणं तेच होतं. ठाऊक नसतं तर माणूस नशिबाला दोष देऊन मोकळा होतो. इथे रोग डोळ्यांसमोर दिसत होता, औषध माहीत होतं, आणि रोगी तोंड उघडायला तयार नव्हता.

रोग असा की, आपल्या एखाद्याच्या पायाशी चेंडू आला आणि समोरचे दोघं-तिघं त्याच्या अंगावर धावून गेले, की आपले उरलेले सगळे त्याला वाचवायला धावत. सगळे म्हणजे सगळे. त्यांच्या मागोमाग समोरचे उरलेलेही येत. मग मैदानाच्या एका कोपऱ्यात जत्रा भरायची आणि बाकीच्या मैदानात गुरं चरायला सोडावीत इतकी मोकळी जागा पडायची. त्या घोळक्यातून समोरचा कुणीतरी चेंडू घेऊन केव्हाच निघून गेलेला असायचा, आणि आपली ही देवमाणसं तिथेच उभी राहून एकमेकांना विचारत असायची, "तुला लागलं नाही ना?"

मास्तर म्हणजे बंबखान्यातले कवायत शिकवणारे. नळी कशी उलगडायची, शिडीवर कसं चढायचं, धुरात कसं सरपटायचं, हे तिथल्या प्रत्येकाला त्यांनी शिकवलेलं. फुटबॉलचा संघही त्यांनीच उभा केला होता. आता ओरडून ओरडून त्यांचा घसा असा बसला होता, की घरी बायको विचारायची, "आज कुठे मोठी आग लागली होती का?"

"आग परवडली," मास्तर म्हणायचे.

नवे साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी मास्तरांना बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, अख्खा मोसम गेला, एक गोल नाही. संध्याकाळी एवढी माणसं मैदानावर अडकून पडतात. त्यापेक्षा व्हॉलीबॉल बरा, आवारातच जाळी बांधू. शेवटच्या सामन्यात एक तरी गोल करून दाखवा. मग पुढच्या वर्षीही संघ ठेवू, आणि तुम्हीच कोच राहा. नाहीतर थांबवू या."

महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. व्हॉलीबॉलला कोच लागत नाही. फुटबॉलचा संघ राहिला, तरच रोज संध्याकाळी बंबखान्याच्या गेटातून आत जायला त्यांना कारण राहणार होतं. त्यांच्या आधीचे मास्तर निवृत्त झाल्यावर बिनकामाचे यायचे, गेटाजवळच्या बाकावर बसायचे. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती घोळका असायचा. मग नुसता चहा यायचा. मग एके दिवशी बोलता बोलता कुणीतरी घड्याळात पाहिलं आणि म्हातारे काय ते समजले. पुन्हा कधी आले नाहीत. तो बाक मास्तरांना हल्ली फार दिसायला लागला होता. येता-जाता ते त्याच्याकडे पाहायचं टाळायचे.

त्यात शेवटचा सामना टपालखात्याशी. टपालवाल्यांची गंमत अशी, की त्यांना दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायची जन्माची सवय. चेंडू तुमच्याकडे आला रे आला, की तिघं दारात हजर, आणि सही घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. अंगावर धावून जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि त्यांचा कोच कोण, तर मास्तरांचा साडू. दुष्काळात तेरावा महिना.

मास्तरांनी सगळे उपाय करून पाहिले. टेबलावर कप मांडून समजावलं. "हे बघा, त्यांचे तीन एकावर आले, म्हणजे बाकी मैदानात त्यांचे तीन कमी झाले. तिकडे जा. लांब जा. म्हणजे याला चेंडू द्यायला कुणीतरी दिसेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. लांबू नावाचा उंच गडी, ज्याने गोल करायचे, तो तर म्हणाला, "एकदम बरोबर आहे मास्तर." आणि मैदानावर पहिला तोच धावत आला.

"अरे, तुला सांगितलं काय होतं?"

"पण तो एकटा पडला होता, मास्तर."

"पडू दे की."

लांबूने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरांनी चोरी करायला सांगितली. ते पाहणं मास्तरांना घरी जाईपर्यंत पुरलं.

रविवारी साडू सहकुटुंब जेवायला आला. लेक आणि जावईही आले होते. मास्तरांच्या बायकोचं मनगट न्हाणीघरात घसरून मोडलेलं, उजवा हात प्लास्टरमध्ये. तरी बाई डाव्या हाताने स्वयंपाकाला उभी. तिचा तो खटाटोप पाहून सगळ्यांनाच एकदम माया दाटून आली. भाताच्या पातेल्याचा एक कान मेहुणीने धरला, दुसरा जावयाने. लेकीने आईच्या हातातून डाव काढून घेतला. साडू मागून सल्ले देत होता. मास्तरांनी बायकोचं कोपर धरलं. का धरलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढ्याशा ओट्यापाशी पाच माणसं, आणि मधोमध ती बाई, ना पुढे ना मागे. पातेलं कलंडलं आणि गरम पेज जावयाच्या पायाजवळ सांडली.

"तुम्हाला लागलं नाही ना?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"पुरे," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. "मदत करायची आहे ना? मग आधी माझ्या अंगावरून बाजूला व्हा. तुम्ही दोघी टेबलापाशी उभ्या राहा. जावईबापू, तुम्ही दारात. भावोजी, तुम्ही तर घराबाहेरच गेलात तरी चालेल. अहो, तुम्ही बेसिनपाशी जा आणि तिथेच थांबा. मी हात पुढे केला की यायचं. तोवर कुणी जवळ यायचं नाही."

सगळे पांगले. मग मात्र ताटं सरसर बाहेर गेली. बाईने एका हाताने वाढायचं, जो जिथे उभा आहे त्याच्याकडे द्यायचं, पुढचं वाढायचं. मास्तर बेसिनपाशी रिकाम्या हाताने उभे होते. इतकी वर्षं लग्नाला झाली, पण बायकोचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. सगळा मोसम घसा फोडून जे सांगता आलं नाही, ते हिने पेज पुसता पुसता सांगून टाकलं होतं.

"काय मास्तर," साडू दाराबाहेरून म्हणाला, "शनिवारी किती गोल हवेत? आमची सेवा घरपोच असते."

मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी टोचायला लागलं होतं. त्यांनी पोरांना लाख वेळा विचारलं होतं, की तुम्हाला ही खोड लावली कोणी? आता बेसिनपाशी उभं राहून उत्तर सापडलं. त्यांनीच. रोज सकाळी कवायतीच्या शेवटी ते स्वतः ओरडून म्हणून घ्यायचे, "एकट्याला सोडायचं नाही." धुरात जोडीदाराचा हात सुटला तर आधी जोडीदार, मग आग. सकाळी हे, आणि संध्याकाळी त्याच तोंडाने "सोडा त्याला एकटं". पोरांनी सकाळचं ऐकलं होतं. त्यांच्या जागी मास्तर असते तर त्यांनीही सकाळचंच ऐकलं असतं. आता कपाळाला हात लावायचा तो स्वतःच्याच; दोष द्यायला दुसरं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कवायतीला त्यांनी नळी उलगडायला लावली. नळीचं तोंड नवरदेवाच्या हातात दिलं. त्याचं नुकतंच लग्न झालेलं म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणायचे. मधल्या फळीत खेळायचा आणि चेंडू मिळाला की हमखास कोंडीत सापडायचा.

"पाणी कोण सोडतं?" मास्तरांनी विचारलं.

"पंपवाला," सगळे म्हणाले. पंपवाला गाडीपाशी उभा होता. संघात तो गोल राखायचा.

"तो बघा, केवढा लांब उभा आहे. म्हणजे तो नवरदेवाला एकट्याला सोडून पळाला का?"

"मास्तर, असं बोलू नका," पंपवाला दुखावून म्हणाला.

"नाही ना पळालास? मग नवरदेव आत अडकला, तर पंप सोडून तूही आत धावशील?"

"कसा धावेन? पाणी बंद होईल. दोघंही मरू."

"हेच," मास्तर म्हणाले, आणि बसलेला घसा आणखी बसला, "हेच मी सांगतोय रे. तू लांब उभा आहेस, म्हणून त्याच्या हातात पाणी आहे. चेंडूवाला कोंडीत सापडला की प्रत्येकाने आपापल्या पंपावर जायचं. त्याने हात पुढे केला, तरच जवळ यायचं. तोवर कुणी यायचं नाही."

लांबूने पंपापासून नवरदेवापर्यंत नळीवर नजर फिरवली. "पण त्याला कसं कळायचं मास्तर, की आपण आहोत म्हणून?"

"कळतं," ते चिडून म्हणाले. "चला, नळी गुंडाळा."

शनिवारी साहेब येऊन बसले. पहिल्या अर्ध्या भागात टपालवाल्यांनी दोन गोल केले, आणि मास्तरांनी पाण्याची बाटली दोनदा जमिनीवर आपटली. पोरं ऐकत नव्हती असं नाही. लांब जात होती, पण पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून आलेल्या आईसारखी वळून वळून मागे पाहत होती, आणि चार पावलांवरून परत येत होती. म्हणजे ना मदत, ना मोकळी जागा. हे तर आधीपेक्षा वाईट होतं.

मध्यंतरात मास्तर ओरडायला उभे राहिले आणि तोंडातून आवाजच निघाला नाही. घशाने अखेर हात टेकले होते. त्यांनी नुसतं एकेकाला खांद्याला धरून मैदानाकडे वळवलं आणि एकेकाला वेगवेगळी दिशा दाखवली. पोरं घाबरली. मास्तर गप्प आहेत, हे त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिसरा गोलही झाला. साडू कडेला उभा राहून शीळ घालत होता. सामना संपायला आला असताना चेंडू नवरदेवाकडे आला, तोही अगदी कडेला, आणि तिघं टपालवाले दारात हजर. लांबू सवयीने दोन ढांगा त्याच्याकडे आला. तेवढ्यात पाठीमागून, गोलमधून, पंपवाला गरजला, "पंपावर जा!"

लांबू थांबला. त्याचा चेहरा मास्तरांना दिसला. सख्ख्या भावाला सोडून जायला सांगितल्यासारखा तो चेहरा पिळवटला होता. पण तो वळला आणि उलट्या दिशेने, रिकाम्या मैदानात धावत सुटला. बाकीचेही पांगले. नवरदेव एकटा राहिला. तीन माणसं त्याच्या अंगावर, आणि जवळपास आपलं कुणी नाही. त्याने मान वर केली. आपल्याच माणसांच्या पाठी मध्ये नसल्यामुळे मोसमात पहिल्यांदा त्याला अख्खं मैदान दिसलं. एका टपालवाल्याच्या दोन पायांमधून त्याने चेंडू लांब मारला.

पलीकडे लांबूच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. इतकी मोकळी जागा त्याला झेपेना. त्याने चेंडू थांबवला, इकडे तिकडे पाहिलं, कुणी रागावत नाही ना याची खात्री केली आणि मग मारला. चेंडू गोलकीपरच्या पायाला लागला, खांबाला लागला, आणि नव्या सुनेसारखा लाजत लाजत आत गेला.

संघ तीन-एक असा हरला. साडूने येऊन हात मिळवला. त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण मास्तरांचं तोंड पाहून तो नुसताच निघून गेला. साहेब जाता जाता म्हणाले, "ठरलं तसं, मास्तर. पुढच्या वर्षी संघ राहील. येत चला."

मास्तर मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले. येत चला, हे दोन शब्द त्यांना उभ्याने पेलले नाहीत. हरल्यावर डोळ्यांत पाणी येणं ठीक, पण हे थांबेना. खांदे हलायला लागले. त्यांनी टोपी तोंडावर ओढून घेतली आणि वाट पाहिली. आता येतील. गर्दी करतील, अंगावर पडतील, श्वास घेऊ देणार नाहीत. या पोरांना दुसरं येतंय काय?

कुणीच आलं नाही.

बराच वेळ गेला तेव्हा मास्तरांनी टोपी वर केली. लांबू कोपऱ्यातल्या निशाणापाशी उभा होता. नवरदेव मधल्या रेषेवर. पंपवाला आपल्या गोलमध्ये. अकराच्या अकरा जण मैदानभर पांगून, एकमेकांपासून छान अंतर राखून, मास्तरांकडे काळजीने पाहत ताटकळत होते. अख्ख्या मोसमात एकदाही त्यांनी इतकी सुरेख मांडणी केली नव्हती.

"गाढवं आहेत," मास्तर म्हणाले. आवाज काही निघाला नाही, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी हात पुढे केला.

सगळे आले. सगळे म्हणजे सगळे. बाक एका बाजूला कलला, टोपी कुठे गेली ते समजलं नाही, आणि त्या घोळक्यात कुणाचा तरी खिळ्यांचा बूट मास्तरांच्या पायावर पडला.

"लागलं नाही ना मास्तर?" लांबूने विचारलं.