चकती

वेलचेरीचा तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं जाणार की नाही, हे आज एका कागदावर ठरणार होतं. इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीला तो आपल्या इंजिनियरसाठी हवा होता, तिचा नियम परदेशातून आलेला: घरात वीज वाया जात नाही, असा तपासनिसाचा दाखला मिळाल्याशिवाय करार नाही. रत्नाकर आणि मधुवंती यांचं नाशिकला, मुलीकडे जायचं सामान बांधून झालं होतं.

रत्नाकरांनी सारी हयात रेल्वेच्या डब्यांचं वायरिंग करण्यात घालवली होती. तीन वर्षांपूर्वी पावसाचं पाणी घरात कमरेइतकं चढलं, तेव्हापासून मागच्या खोलीची भिंत पुरती सुकलीच नव्हती. गेल्या महिन्यात त्या भिंतीतल्या खिळ्याला त्यांचा हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. घरातली झाडून सगळी बटणं बंद करून ते मीटरसमोर उभे राहिले. मीटरातली चकती फिरतच होती, सावकाश, निवांत. म्हणजे वीज त्या ओल्या भिंतीत झिरपत होती. भिंत फोडून नव्या वायरी घालायला दोन महिने लागले असते, आणि कंपनी थांबली नसती. त्यांनी त्या खोलीच्या फ्यूजमधली तार काढून रिकामी चिनीमातीची पट्टी परत बसवली. बायकोला सांगितलं, दिवा गेलाय.

तपासनीस विश्वेश तंजावरच्या मराठी घरातला निघाला. मधुवंतींनी त्याला आग्रहानं खाऊ घातलं.

"आमचं मराठी ऐकून पुण्याकडचे लोक हसतात, मामी," तो म्हणाला.

"हसेनात का! उपमा मागताना तरी तुझं काही अडलं नाही."

तो हसला. मग सगळी बटणं बंद करून घड्याळ हातात धरून मीटरसमोर बसला. रत्नाकर मागे उभे होते. चकतीवरची तांबडी खूण समोरच होती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खूण होती तिथंच राहिली.

"चकती गाढ झोपलीये, काका. असं घर या भागात क्वचित सापडतं." विश्वेशनं कागदावर लिहायला सुरुवात केली.

तेवढ्यात कंपनीचा इंजिनियर, होणारा भाडेकरू अनय आपल्या चार वर्षांच्या मुलीला, ऊर्मीला, घेऊन आला. पोरगी घरभर हुंदडली. मोरीतला नळ उघडून तिनं हात भिजवले आणि अनवाणीच मागच्या खोलीत पळाली.

"ही माझी खोली!" आतून आवाज आला. "बाबा, भिंतीवर बघा माझे हात!"

"अगं, घर अजून आपलं झालं नाही," अनय हसत म्हणाला. "काका, इथला दिवा लागत नाही वाटतं?"

रत्नाकर मान न वळवता म्हणाले, "फ्यूज उडाला असेल. बघतो नंतर."

"नंतर कशाला?" विश्वेश पेन खिशाला लावून उठला. "तार आहे माझ्याजवळ. उपम्याची फेड समजा." मेन बंद करून त्यानं पट्टी उपसली, तार गुंडाळली, पट्टी परत बसवली, आणि हात मेनच्या खटक्याकडे नेला.

आत ऊर्मी ओल्या हातांनी भिंतीवर ठसे उमटवत होती.

"थांब!"

रत्नाकरांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. त्यांनी विश्वेशचं मनगट धरलं होतं. "आधी पोरीला बाहेर आण. अनय, उचल तिला. भिंतीला हात लावू नकोस."

अनयनं मुलीला उचलून थेट अंगणात नेलं. ती घाबरून रडू लागली. मग रत्नाकरांनी स्वतः खटका वर केला. घरात एकही दिवा लागला नव्हता, एकही पंखा फिरत नव्हता. चकतीवरची तांबडी खूण हलली, सरकत कडेला गेली, नाहीशी झाली. आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं पुन्हा डोकावली.

रत्नाकरांनी खटका खाली ओढला. विश्वेशनं लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली. "तार तुम्ही काढली होती?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला कळत होतं, काका. बाकी कुणाला नाही, पण तुम्हाला कळत होतं."

मधुवंती दारात उभ्या होत्या. मघापासून त्या आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होत्या.

"तो भिंतीतला खिळा," त्या हळूच म्हणाल्या. "हाताला मुंग्या यायच्या, मला वाटायचं वय झालं. तीन वर्षं मी त्यावर रोज ओला टॉवेल टांगत होते."