शिट्टीची जागा

कुंदनने लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद केला, तिसऱ्यांदा चालू केला आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ब्लूटूथचं चिन्ह असायचं, तिथे बोट टेकवून पाहिलं. चिन्ह नव्हतं. सकाळी खांदा कॉलनीतून निघायच्या आधी लॅपटॉपने त्याला न विचारता अपडेट घेतला होता. 'तुमचं काम आता अधिक सुरळीत होईल' असं वर कळवलंही होतं. ते सुरळीत करण्याच्या गडबडीत ब्लूटूथ कुठेतरी सांडलं.

पावणेअकरा झाले होते. मुहूर्त अकरा दहाचा.

तो बसला होता ती खोली नेऱ्याच्या भगवानशेठच्या घरातली कोठी होती. एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला भाड्याने आणलेल्या ताटांची चळत, मधे कुंदन. समोर गजांची खिडकी आणि खिडकीपलीकडे मांडव. मांडवात चाळीसेक बायका, नवरी आभा, आणि पाटावर हिरवं लुगडं नेसून, हातात बिनवायरचा माइक धरून कुंदनची आई. तिच्या पाठीमागे झेंडूच्या ढिगात एक काळा स्पीकर.

माइकचं बटण बंद होतं. ते नेहमीच बंद असायचं.

वेणूबाय धवलारीण म्हटलं की पनवेलपासून मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत आगऱ्यांच्या घरात लोक जरा सावरून बसत. लग्नघरी भटजीच्या आधी धवलारीण येते. ती गाते, आणि गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. आजूबाजूच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. देव येऊन बसल्याशिवाय हळदीला कोणी हात लावत नाही. वेणूबायने चाळीस वर्षं देवांना बोलावलं आणि चाळीस वर्षं ते आले.

दोन वर्षांपूर्वी एका मांडवात तिने गावदेवीला बोलावलं. मग पुन्हा गावदेवीला बोलावलं. मग तिसऱ्यांदा. गावदेवीचा मान झाला, पण बाकीचे देव दाराबाहेर ताटकळत राहिले. लोकांनी उन्हावर ढकललं. कुंदनने आईला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने एक लांबलचक नाव सांगितलं आणि हळूहळू वाढत जाईल म्हणाला. ते नाव कुंदनने घराबाहेर कोणालाही सांगितलं नाही.

त्यानंतर तीन रविवार, आईचे बरे दिवस बघून, त्याने स्वयंपाकघरात तिला गायला बसवलं आणि सगळे धवले, म्हणजे देवांना बोलावायची तिची लग्नगाणी, लॅपटॉपमध्ये घेतले. एक्केचाळीस तुकडे केले, एकेका बटणावर एकेक तुकडा बसवला. कोणाच्या घरी कोणत्या पूर्वजाचं नाव येतं, तेही वेगळं कापून ठेवलं. एका ठिकाणी मात्र कुकरची शिट्टी राहून गेली. एकवीरेचं बोलावणं संपतं तिथेच त्याची बायको हेतल हिचा भात झाला होता. शिट्टी कापायला गेलं की एकवीराही अर्धी कापली जायची. अर्ध्या देवीपेक्षा पूर्ण शिट्टी बरी, असं त्याने ठरवलं. मांडवाच्या कलकलाटात कोणाच्या लक्षात येतंय!

"देवाला कललं तर?" आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं.

"देवाला ब्लूटूथ नाय कलत, आय."

तेव्हापासून सात लग्नं झाली. तो खिडकीतून हात वर करायचा, आई ओठ हलवायची, तो बटण दाबायचा. सातही जोडपी सुखात होती.

वायर लावायची सोय नव्हती. लावली असती तर चाळीस बायकांच्या पायांमधून न्यावी लागली असती. गाणी फोनवर घ्यावीत तर लॅपटॉप ऑफिसचा, आणि उरणच्या ज्या कंटेनर यार्डात तो नोकरीला होता, त्यांनी चोरीच्या भीतीने त्यातून काहीही बाहेर काढायची बंदी केलेली. कंटेनर चोरीला जात होते. त्यावर अजून उपाय सापडला नव्हता.

त्याने ऑफिसच्या मदत कक्षाला फोन लावला. तिथे अथर्व नावाचा मुलगा होता, आवाजावरून फार शांत.

"सर, डिव्हाइस मॅनेजर उघडा."

"उघडलाय."

"ब्लूटूथ लिहिलेलं दिसतंय?"

"नाही. पिवळा त्रिकोण दिसतोय. पुढे लिहिलंय, अनोळखी उपकरण."

"हां, तेच ते."

"अनोळखी कसं? कालपर्यंत ओळखत होता की!"

"अपडेटनंतर होतं असं, सर. वस्तू जागेवरच असते. फक्त ओळख विसरतो."

कुंदनने मान वर केली. खिडकीबाहेर आई माइक या हातातून त्या हातात घेत होती.

"सर? आहात ना? रोल बॅकचं बटण बघा. जुना ड्रायव्हर परत येतो."

"राखाडी झालंय. दाबलं जात नाही."

"मग तो रस्ता बंद. अनइन्स्टॉल करा, पुन्हा शोधायला लावू."

"पासवर्ड मागतोय."

"तो अॅडमिनचा. तो मी कोणालाच देऊ शकत नाही, सर. पॉलिसी आहे." अथर्व थोडा थांबला. "लिहून घ्या."

कुंदनने तांदळाच्या पोत्यावरच लिहून घेतला. लॅपटॉपने शोधलं आणि पुन्हा तोच पिवळा त्रिकोण आणून समोर ठेवला.

"मीटिंग किती वाजता आहे, सर?"

"अकरा दहाला."

"फोनवरून जॉइन होता नाही येणार?"

"नाही."

"क्लायंट मोठा आहे का?"

कुंदनने कपाळ पुसलं. "फार वरचे लोक आहेत," तो म्हणाला.

दार ढकलून ठमाबाय आत आली. ही भगवानशेठची थोरली बहीण. वेणूबायच्या उजव्या हाताला बसून तिच्यामागून ओळ उचलणारी. आज चाळीस वर्षं ती जागा तिचीच. तिने कोपऱ्यातून हळदीचं ताट उचललं आणि जायचं सोडून उभीच राहिली.

"किती येल रं?"

"कसला, काकी?"

"तुझा."

"ऑफिसचं काम हाय जरा. चालू द्या तुमचं."

"चालतंयच आमचं," ठमाबाय म्हणाली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, पोत्यावरच्या पासवर्डकडे पाहिलं. "पानी पी. घामानं न्हालास." आणि ती गेली.

अकरा वाजले.

"शेवटचा उपाय, सर," अथर्व म्हणाला. "पूर्ण बंद करा. चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून धरा आणि साठपर्यंत मोजा. आतली उरलेली वीज निघून जाते."

"आणि त्याने काय होतं?"

"कधी कधी आठवतं त्याला."

कुंदनने बटण दाबून धरलं आणि मोजू लागला. बाविसावर भगवानशेठचं डोकं दारात आलं.

"काय रं कुंदन! बायका बसल्यान, भटजी घड्याल बघतंय, आन तू हितं अंगठा दाबून काय बसलास?"

"आलो, शेठ. तेवीस."

"काय तेवीस?"

"चोवीस. दोन मिनिटं, शेठ."

"वेणूबायला सांगतो, सुरू कर म्हनून."

"नको!" कुंदन ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी सांगतो. मी खुनवतो तिला. तुमी व्हा पुढं."

भगवानशेठ पुटपुटत गेला. कितीवर होतो ते कुंदनला आठवेना. त्याने अंदाजाने चाळीस धरले आणि पुढे मोजले. साठ झाल्यावर चार्जर लावला, लॅपटॉप चालू केला.

पडदा उजळला. त्यावर निळ्यात पांढरं वर्तुळ फिरू लागलं. अपडेटचं काम चालू आहे. तीस टक्के. कृपया बंद करू नका.

"अथर्व, हा पुन्हा अपडेट घेतोय!"

"घेऊ द्या, सर. मधे हात लावू नका."

एकतीस. अकरा आठ. बत्तीस. बत्तीसवर ते वर्तुळ असं काही रमलं की जणू त्याला पुढे जायचंच नव्हतं. कुंदनच्या भुवईवरून घाम डोळ्यात उतरला. त्याने हात वर करून बाहीने कपाळ पुसलं.

खिडकीपलीकडे आईने तो वर गेलेला हात पाहिला.

तिने माइक तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

कुंदन उठून उभा राहिला. ताटांची चळत कोसळली, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. मांडवात शांतता होती. आई ओठ हलवत होती, मान डोलवत होती, आणि झेंडूतल्या स्पीकरमधून काहीही येत नव्हतं. आभाने डोकं वर केलं. मागच्या रांगेतली कोणाची तरी पोर म्हणाली, "आजी गात का नाय?" आणि तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

खिडकीतून हाक मारावी, तर मारून म्हणणार काय? धावत जावं, तर जाऊन करणार काय? कुंदनने दोन्ही हातांनी गज धरले. आईने डोळे उघडले. आपला आवाज का येत नाही म्हणून तिने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिचे ओठ हलायचे थांबले.

ठमाबाय खोकली. खोकली आणि त्याच दमात गणपतीच्या बोलावण्याची पहिली ओळ उचलली. बेताचीच, वेणूबायच्या कानाएवढी. दुसऱ्या ओळीला डाव्या हाताची बाई आली. तिसरीला वेणूबाय. माइक मांडीवर ठेवून ती गाऊ लागली आणि मग चाळीसच्या चाळीस बायका आल्या. गणपती येऊन बसला. गावदेवीला बोलावणं गेलं. ते संपलं आणि वेणूबायने श्वास घेतला. तो कोणत्या ओळीचा श्वास आहे हे कुंदनने ओळखलं. तिने पुन्हा गावदेवीची सुरुवात धरली.

त्याने डोळे मिटून घेतले.

पण ठमाबाय अर्ध्या शब्दाने पुढे होती. ती एकवीरेवर गेली होती, बाकीच्या सगळ्या तिच्याबरोबर होत्या. वेणूबायची गावदेवी पहिल्या अक्षरावरच वळली आणि एकवीरा झाली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात पाठीमागे अपडेट संपवून लॅपटॉपने टुणकन आवाज केला. कोपऱ्यात चिन्ह परत आलं होतं. पोत्यावरच्या फोनमधून अथर्व विचारत होता, "सर? आला का?" आणि मांडवात झेंडूच्या ढिगाखालून स्पीकरमधली इंग्रजी बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "कनेक्टेड!"

एकीनेही मान वळवली नाही. चाळीस बायका, आणि पाठीमागून अचानक परकी बाई बोलते, तरी एकीचीही मान हलली नाही. इतकी एकजूट त्या गावाने कुठल्या निवडणुकीत दाखवली नव्हती.

कुंदन खाली बसला. सवयीने त्याचं बोट एकवीरेच्या बटणावर गेलं. जागा त्याला पाठ होती. अजून दोन ओळी, मग देवीचं नाव, मग पुढचा तुकडा. आत्ता दाबलं तर बरोबर जुळेल. आईचा दोन वर्षांपूर्वीचा आवाज, एकही देव न चुकणारा. त्याने बोट टेकवून ठेवलं.

बाहेर देवीचं नाव आलं. बोलावणं संपलं.

आणि बायका थांबल्या.

पुढची ओळ सगळ्यांना येत होती. दम घ्यायला म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. सगळ्या एकदम, एकाच जागी थांबल्या आणि एका शिट्टीएवढा वेळ गप्प बसल्या. वेणूबायही थांबली, सगळ्या थांबल्या म्हणून असेल. मागच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि बांगड्या वाजल्या. मग साऱ्याजणी मिळून पुढच्या देवाकडे गेल्या.

"सर?" अथर्व म्हणाला. "लागला का आवाज?"

कुंदनने बोट उचललं. खिडकीत ठमाबाय त्याच्याचकडे पाहत होती. तोंडाने ती गातच होती, ओळ तिने सोडली नव्हती. मांडीवरचा हात तेवढा तिने जरा उचलला, अंगठा आणि बोट जुळवलं आणि हवेत हळूच फिरवलं, गॅस बारीक करतात तसं.