अख्ख्या फैजपुरात नसलेलं नाव

मोनालीने मुलाचं नाव मोबाइलवर महिनाभर शोधलं होतं: रियांश. अख्ख्या फैजपुरात दुसरा सापडायचा नाही, असं तिने बारशाला ठासून सांगितलं आणि आत्याने ते बाळाच्या कानात कुर्र केलं. सासऱ्यांची, तोतारामआबांची, जीभ मात्र वळेना. चार वर्षं ते नातवाला 'रेवाश्या' म्हणत आणि सुनेची बोलणी खात. शेवटी हट्टाला पेटून त्यांनी केळीच्या बागेत आठ दिवस ते नाव घोकलं.

आज अंगणवाडीच्या दारातून त्यांनी स्वच्छ हाक मारली, "रियांश!"

पाच पोरं धावत आली. आबांचं त्यात एकही नव्हतं. त्यांचा नातू कोपऱ्यात मातीचा बैल वळत बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"बाई, हे बठ्ठे रियांश?"

"सगळे, आबा. तुमचा सहावा," सेविका हसल्या. "घरी काय म्हणता त्याला?"

आबांना लाजच वाटली. "रेवाश्या," ते पुटपुटले.

बैल टाकून नातू पायाला येऊन बिलगला.

त्याचं बोट धरून आबा निघाले, पण डोकं काही चालेना. सून तर त्याला दिवसभर 'पिल्लू' म्हणते. मग बारशाला आत्याने कुर्र केलं ते नाव नेमकं कोणाचं?