रविकांतची एक्झिट

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवी नाटकांत रविकांतने नोकर केला, पोस्टमन केला, हवालदार केला, एकदा तर नोकराची बायकोही केली. टक्कल लवकर पडलेलं, पोट त्याहून लवकर सुटलेलं. त्याला नायक करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नायक ठरलेला, शैलेंद्र. नायिकाही ठरलेली, मृदुला, म्हणजे रविकांतची सख्खी बायको. दरवर्षी शैलेंद्र तिचा हात हातात घ्यायचा आणि रविकांत चहाचा ट्रे ठेवून निघून जायचा. टाळ्या त्यालाही पडायच्या, पण त्याला हवा होता तो हात.

मग कोरोना आला. नाटकाऐवजी व्हिडिओ करायचं ठरलं आणि दीड मीटरच्या नियमाने शैलेंद्रचा पत्ता कापला, कारण जवळ उभं राहायची मुभा फक्त एका घरातल्या माणसांना होती.

"हीरो तू. दुसरा ऑप्शनच नाहीये रे," दिग्दर्शिका वृंदा फोनवर म्हणाली.

एवढ्यावरही गडी हवेत तरंगायला लागला. घराजवळच्या, न्यूनेन गावातल्या सुपरमार्केटात कांदे निवडतानासुद्धा तो एक भुवई उंचावून बघायचा. मास्कमुळे लोकांना तेवढीच दिसायची.

शूटिंगच्या दिवशी घरातच, मृदुला बसलेल्या सोफ्यासमोर इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्यात व्हिडिओ कॉलवर वृंदा. नायकाने चहा आणायचा, नायिकेचा हात धरायचा आणि म्हणायचं, "तुझ्याशिवाय मला करमत नाही." बस्स.

रविकांतने ट्रे ठेवला, वाक्य म्हटलं आणि अदबीने मागे सरकत थेट बाहेर.

"अरे, चाललास कुठे?" वृंदा ओरडली.

पुन्हा तेच. त्यानंतरही तेच. इतक्या वर्षांची सवय, पाय ऐकायलाच तयार नाहीत.

"आता झालं नाही, तर शैलेंद्र त्याच्या घरून हा सीन करेल. हात धरायचं कट करू," वृंदाने सांगून टाकलं.

या वेळी रविकांतने हात पुढे केलाही, पण मृदुलाने मान वर करून बघितलं मात्र, स्वारी सरळ स्वयंपाकघरात. फ्रिजला टेकून तो रडवेला होऊन म्हणाला, "मला नाही जमणार गं."

कधी रंगमंचाचा मध्य न सोडणारी मृदुला सोफ्यावरून उठली आणि त्याच्या मागोमाग आत आली.

"रवी, दरवर्षी तू ट्रे ठेवून पळतोस आणि मी शैलेंद्रचा तो घामट हात धरून बसते. मला काय हौस आहे का? धर आता."

त्याने धरला. "तुझ्याशिवाय मला करमत नाही," तो म्हणाला, आणि ते नाटकातलं वाक्य आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मग दोघं जी हसत सुटली, ती थांबेचनात.

"हाच टेक!" बाहेरून लॅपटॉप ओरडला. "घामट हात तेवढा कापते. बाकी सगळं ठेवणार."

"मी दिसतोय का पण?" रविकांतने आतूनच विचारलं.

"छे. रिकामा सोफा आणि दोन कप. नुसते आवाज."

"आणि मृदुला?"

"तीही नाही."

रविकांत खूश झाला. या वेळची एक्झिट त्याची एकट्याची नव्हती. बाहेर आल्यावरही त्याने हात सोडला नाही, त्यामुळे गार झालेला चहा दोघांनी एकेका हातानेच प्यायला.